लातुरात नाव वल्हवायलो: रोइंग मशीनचे सात महिने अन् खरा खर्च

संक्रांत झाल्यावर घेतलेलं रोइंग मशीन, म्हणजे सरकत्या सीटवर बसून नाव वल्हवल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामाचं यंत्र, हॉलमध्ये टीव्हीसमोर आडवं पडलंय, साडेसहा फूट लांब, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाच्या आधी विचारतो हे काय आणलंय बाबा. मार्केट यार्डातले चार-पाच जण तर रोज विचारायलेत, घेऊ का, कितीला पडलं, पोट कमी झालं का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव सांगणार नाही कारण त्यांच्यासोबतचं माझं बोल्टाचं भांडण अजून मिटलेलं नाही, ते पुढं येईलच.

आधी घरचा रिव्ह्यू. माय म्हणाली, "प्यायचं पाणी रेल्वेनं आणलेल्या गावात तू नाव चालवायलास व्हय रे?" आता यावर काय बोलणार. एप्रिल २०१६ ला मिरजेवरून पाण्याची रेल्वे आली तेव्हा आम्ही घागरी अन् टँकरचे नंबर लावत होतो, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि आज मी हॉलमध्ये बसून हवेत वल्हं मारतो. पण त्याच २०१६ ला चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकला एकट्याची नाव घेऊन उतरला होता अन् तेरावा आला होता. दुष्काळी गावचं, विहिरी खोदायच्या कामावर राबलेलं पोरगं, लष्करात गेलं अन् तिथं वल्हवायला शिकलं. २०१८ च्या एशियन गेम्सला चौघांच्या नावेत गोल्ड पण आणलं. हे मायला सांगितलं तर ती म्हणे तो विहिरी खोदून गेला, तू गादीवर बसून चाललास. बरोबर आहे तिचं.

तर मी गादीवर बसणाराच माणूस. आडतीवर हिशोब बघतो, सकाळी दहाला बसलं की सौदे, पट्ट्या, वजनं, संध्याकाळपर्यंत बूड हलत नाही. वय ४६, वजन ९४, साखर काठावर अन् डावा गुडघा कुरकुर करणारा. हाडाच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, पळू नका, जिने कमी करा, पण वजन उतरवा. म्हणजे पोहायला शिकायचं नाही पण नदी पार करायची असा प्रकार. फिरायला जावं तर पहाटे गल्लीतली कुत्री मागं लागतेत, अन् एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच ऊन असं टोचतं की अर्ध्यातून रिक्षा करून घरी यावं वाटतं. सायकल मशीन मेव्हण्याकडं आहे, त्यावर त्याच्या घरचे टॉवेल वाळतेत.

रोइंग मशीन पहिल्यांदा दिवाळीच्या सुमाराला एका जिममध्ये पाहिलं. ते हवेवालं होतं, पुढं मोठा पंखा, त्याच्या बाजूला एक लिव्हर, १ ते १० आकडे. तिथल्या ट्रेनर पोरानं लिव्हर डायरेक्ट १० वर टाकला अन् म्हणाला, काका जोर लावा, दहावर केलं तरच फायदा. मी पण मूर्खासारखा वीस मिनिटं जोर लावला. दुसऱ्या दिवशी पँट घालताना वाकता येईना, चार दिवस कंबरेला पट्टा बांधून आडतीवर बसलो. नंतर वाचून वाचून कळलं की तो आकडा म्हणजे वजन नाहीच. तो पंख्याला किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो, सायकलच्या गिअरसारखं समजा. १० वर टाकलं म्हणजे जड नाव, ३-४ वर टाकलं म्हणजे हलकी सुळसुळीत नाव. व्यायाम किती होणार ते तुम्ही किती जोरात ओढता त्यावर, लिव्हरवर नाही. नवशिक्यानं ३ ते ५ च्या मध्येच राहावं. माझी कंबर त्या पोराला पगार देणाऱ्या जिमनं भरून द्यायला पाहिजे होती पण जाऊ द्या.

आता मशीनचे प्रकार, कारण पैसे इथंच चुकतेत. चार प्रकार आहेत. एक हायड्रॉलिक, पिस्टनवालं, सगळ्यात स्वस्त, लहान जागेत मावतं, पण त्यातलं तेल तापलं की ओढ हलकी होत जाते अन् काहींमध्ये हात नावेसारखे सरळ जातच नाहीत. ते मी सोडून दिलं. दुसरं मॅग्नेटिक, चाकाजवळ चुंबक सरकवतो, चुंबक जवळ आलं की जड, लांब गेलं की हलकं. आवाज जवळपास नाहीच. तिसरं हवेवालं, ज्यात जितकं जोरात ओढाल तितकी हवा जास्त अडवणार, खऱ्या पाण्यासारखं. जगभर खेळाडू ज्यावर घाम गाळतेत ते कॉन्सेप्ट टू याच जातीचं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या दोन भावांची ही कंपनी, १९८१ ला त्यांनी त्यांचं पहिलं मशीन काढलं, आज ऑलिम्पिकवाले पण त्यावरच टेस्ट देतेत. चांगलं आहे यात वाद नाही, पण आपल्याकडं ते लाखाच्या वर जातं, अन् लाख रुपये घालून मी हॉलमध्ये घाम गाळतोय हे वडिलांना सांगायची माझी हिंमत नाही. चौथं पाण्याची टाकीवालं, लाकडाचं, बघायला लै देखणं, टाकीत पंधरा-सोळा लिटर पाणी अन् आत पातं फिरतं, खळखळ आवाज येतो. मला मनापासून तेच आवडलं होतं. पण एक तर किंमत, अन् दुसरं म्हणजे मायनं विचारलं ते पाणी नंतर झाडाला घालता येतं का. त्यात क्लोरीनची गोळी टाकतेत अन् तेच पाणी महिनोन्महिने ठेवतेत म्हटल्यावर विषय संपला.

हवेवालं मधल्या किमतीतलं घेता आलं असतं, पण आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा अभ्यास करणारी सहा पोरं भाड्यानं राहतेत. लातुरात ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको. पंखा घुर्र करून फिरायला लागला की वरून पालकांचे फोन सुरू. माझी पोरगी पण अकरावीला. म्हणून मॅग्नेटिक घेतलं, २७,५०० ला, ऑनलाईन.

ऑनलाईन घेणाऱ्यांनी एक गोष्ट लिहून ठेवा. "घरपोच" म्हणजे घरपोच नसतं. खोकं तीस-पस्तीस किलोचं, ट्रान्सपोर्टवाल्यानं गोडाऊनमधून घेऊन जा म्हणून फोन केला. टमटमला ४०० दिले. उघडलं तर रेल्वे रुळासारखी ती जी पट्टी असते, जिच्यावर सीट सरकतं, ती बसवायचा एक बोल्ट नाही. कंपनीला फोन केला तर बाई गोड बोलल्या, म्हणे सर व्हिडिओ पाठवा. जो बोल्ट नाहीच त्याचा व्हिडिओ कसा काढू? रिकाम्या भोकाचा पाठवला. अकरा दिवस तिकीट नंबरच येत राहिले. इंजिनिअर पाठवतो म्हणे, पण पुण्याहून येणार अन् येण्याचे पैसे माझे. शेवटी लेथवाल्याकडून १५० रुपयात बोल्ट करून घेतला, तोच आजपर्यंत टिकलाय. जिल्ह्याच्या गावात अशी वस्तू घेताना सर्व्हिस सेंटर कुठं आहे हे आधी विचारा, रंग कोणता ते नंतर.

आता मुख्य गोष्ट. पहिला महिना मी मशीन चुकीचं चालवलं. जिममध्ये कंबर गेली होती तरी शहाणपण आलं नव्हतं. हाताने ओढायचं, कंबरेनं मागं झुकायचं अन् पाय आपले सोबत जायचे. दहा मिनिटात खांदे भरून यायचे. पोरीनं काढलेला माझा एक व्हिडिओ मी यार्डात आमच्या एका हमाल मामांना मजा म्हणून दाखवला. मामा साठीकडं झुकलेले, आजही पोतं पाठीवर टाकून फळीवरून चढतेत. त्यांनी दोनदा बघितलं अन् म्हणाले, "मुनीमजी, कंबरेनं उचलायलात. पोतं मांडीनं उचलायचं असतं, पाठ फक्त धरून ठेवती, हात तर नुसते अडकवायचे आकडे हायेत."

एवढ्या एका वाक्यात जे सांगितलं ते मला इंटरनेटवर पाच तास बघून कळलं नव्हतं. रोइंगमध्ये खरंच तेच आहे, निम्म्याहून जास्त जोर पायांचा. क्रम असा, पुढं गेलात, गुडघे वाकलेले, हात सरळ, पाठ ताठ पण किंचित पुढं. आधी फक्त पाय ढकलायचे, हात तसेच सरळ दोरीसारखे. पाय सरळ व्हायला आले की मग धड थोडं मागं, अन् सगळ्यात शेवटी हात छातीखाली बरगडीपाशी. परत जाताना उलटं, आधी हात लांब, मग धड पुढं, मग गुडघे वाकवायचे. गुडघे आधी वाकवले तर हँडल गुडघ्यांवरून उडवत न्यायला लागतं अन् मग सगळी लय जाते. दुसरं म्हणजे ओढायला एक मोजायचं अन् परत यायला दोन. नवीन माणूस उलटं करतो, येताना जातानाही भिंगरीसारखा, मिनिटाला ३५-४० झटके मारतो अन् दमून जातो. मी आता १८ ते २२ मध्ये राहतो, अन् तेवढ्यातच जास्त घाम येतो. पाय पायपट्ट्यांमध्ये लै आवळून बांधायचे नाहीत हे पण त्याच महिन्यात कळलं, अंगठ्याच्या मागची कातडी सोलून निघाल्यावर.

गुडघ्याचं विचारणाऱ्यांसाठी, मी पूर्ण पुढं जातच नाही. नडगी उभी झाली की थांबतो, त्याच्या पुढं टाच उचलून घुसलो की डावा गुडघा बोलतो. पळताना प्रत्येक पावलाला सगळं वजन गुडघ्यावर आपटतं, इथं तुम्ही बसलेले असता म्हणून आपटणं नाही, पण वाकणं भरपूर आहे. ज्याला उकिडवं बसताच येत नाही त्यानं दुकानात किंवा जिममध्ये आधी बसून बघावं, तसंच मागवू नये. कंबरेची नस दबलेली असेल, हर्निया असेल, बीपी वर असेल त्यांनी डॉक्टरला विचारूनच. श्वास रोखून ओढायची खोड मलाही होती, बीपीवाल्याला ती चांगली नाही, ओढताना सोडायचा, येताना घ्यायचा.

आता डिस्प्ले. हा भाग लै मजेशीर आहे. मशीन ३० मिनिटांत ४३० कॅलरी दाखवतं. पहिल्या आठवड्यात ते बघून मी रविवारी निलंगा राईसच्या दोन प्लेटा हाणल्या, हिशोब जुळतो म्हणून. हिशोबाचाच माणूस मी, नंतर मांडून बघितलं. ढोबळ हिशोब असा की मध्यम जोराच्या रोइंगला बसून राहण्याच्या सातपट ऊर्जा लागते, म्हणजे ८० किलोच्या माणसाला अर्ध्या तासात २८० कॅलरीच्या आसपास, त्यातल्या ४० तर नुसतं बसूनही जाणारच होत्या. माझं वजन जास्त, पण माझा जोर मध्यमपेक्षा कमी. म्हणजे ४३० हा आकडा म्हणजे व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव, हातात पडणारी पट्टी काही तेवढी निघत नाही. मशीनला माझं वजनही माहीत नाही, विचारलंच नाही त्यानं. कॉन्सेप्ट टूच्या डिस्प्लेलासुद्धा माणूस १७५ पौंड म्हणजे ७९ किलोचा धरलेला असतो, मग स्वस्त मशीनचं काय घेऊन बसलात.

मीटरचंही तेच. मॅग्नेटिकवर दाखवलेले ५ किलोमीटर अन् जिमच्या हवेवाल्यावरचे ५ किलोमीटर यांचा काही संबंध नाही. माझ्या मशीनवर लेव्हल १ ला ठेवून भुर्रकन ओढलं की किलोमीटर पळतेत, लेव्हल ८ ला तेवढेच झटके मारले की तेवढेच किलोमीटर. म्हणजे ते चाकाचे फेरे मोजतं, मेहनत नाही. हवेवाल्यावर ५०० मीटरला लागणारा वेळ दाखवतेत, त्याला स्प्लिट म्हणतेत, अन् तो प्रामाणिक आहे. २ मिनिटं ३० सेकंदाला १०४ वॅट लागतेत अन् २ मिनिटाला २०३. म्हणजे वेग सव्वापट करायचा तर ताकद जवळपास दुप्पट. जिममध्ये परत एकदा मुद्दाम जाऊन मी बघितलं, वीस मिनिटं २:४२ च्या आसपास निघाला. बाजूला एक पोरगं २:०५ ने करत होतं, दिसायला थोडंच जोरात, पण ते काय करत होतं हे त्या हिशोबावरूनच कळालं. ज्याला आकड्यांची हौस आहे, स्वतःचीच स्वतःशी शर्यत लावायचीय, त्यानं मॅग्नेटिक घेऊ नये, पैसे साठवून हवेवालं घ्यावं. माझी ही एक चूक मी मान्य करतो, पण वरच्या सहा पोरांसमोर इलाज नव्हता.

फायदा काय झाला. वजन ९४ चं ८७, पण त्यातलं किती मशीननं अन् किती रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी खाल्ल्यानं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मला तर वाटतं भाकरीनंच जास्त. मशीनचं म्हणून जे सांगता येईल ते वेगळंच आहे. सकाळी झोपेतून उठल्यावर नाडी ८४ लागायची, आता ७२ लागते. यार्डाच्या ऑफिसचा जिना चढून गेल्यावर वर जाऊन लगेच बोलता येतं, आधी दोन मिनिटं नुसता हात हलवायचो. अन् सगळ्यात मोठं म्हणजे पाठ. दिवसभर वहीवर वाकून खांदे पुढं आलेले, मानेला गाठ, ते पुष्कळ सुटलं. ओढण्याचा व्यायाम आपण बैठ्या माणसांनी कधी केलेलाच नसतो, सगळं आयुष्य पुढं वाकण्यात जातं. पूर्वी घरोघरी आड होते, पोहऱ्यानं पाणी शेंदायचे, तेव्हा हे आपोआप व्हायचं. माय म्हणते मी रोज पन्नास घागरी शेंदल्या, मला कुणी डिस्प्ले दाखवला नाही.

विजेचा फायदा पण मोठाच. ट्रेडमिलला लाईट पाहिजे, आमच्याकडं ती कधी जाईल सांगता येत नाही. याला लागत नाही, डिस्प्ले दोन सेलवर चालतो. लाईट गेल्यावर अंधारात पण ओढलंय मी, फक्त मे महिन्यात पंख्याशिवाय दहा मिनिटांच्या पुढं जाता आलं नाही. उन्हाळ्यात कूलर समोर ठेवायला लागतो अन् कूलरला पाणी लागतं, म्हणजे शेवटी नाव पाण्यावरच आली.

तोटे सांगायचे तर पहिला कंटाळा. रस्त्यानं चालताना माणसं भेटतेत, इथं भिंत. जुनी गाणी लावली तर झटक्याची लय गाण्यासोबत पळते, म्हणून मी बाजारभावाचे व्हिडिओ लावतो. दुसरं, सीट. सीट म्हणजे प्लॅस्टिकचं ताट आहे, पंचवीस मिनिटानंतर बूड बधिर होतं, घडी घातलेली वाकळ टाकली की बरं वाटतं पण मग ती सरकते. तिसरं, धूळ. तुरीच्या हंगामात यार्डातून अंगावर जी धूळ येते ती घरात पसरते, रुळावर बसली की सीटची चाकं खरखर करायला लागतेत. दर दोन-तीन दिवसाला ओल्या फडक्यानं रूळ पुसायचा, तेल लावायचं नाही, तेलावर धूळ आणखी चिकटते. हाताला घट्टे पडतेत, ग्लोव्ज २५० चे आणले ते महिन्यात फाटले, आता तसंच ओढतो.

अन् एक महत्त्वाचं, हे मशीन चालण्याची जागा घेत नाही. हाडं मजबूत राहायला शरीराचा भार पायावर पडायला लागतो, बसून ओढण्यात तो तसा पडत नाही. माझ्या बायकोला डॉक्टरनं हाडं ठिसूळ व्हायलेत म्हणून सांगितलंय, तिनं मशीनला हात लावला नाही, ती चालतेच, अन् तिचं बरोबर आहे. मी पण थंडीत चालणं परत सुरू करणार आहे.

पैशाचा हिशोब देतो, ते मला येतं. मशीन २७,५००, टमटम ४००, बोल्ट १५०, खालची जाड रबरी मॅट १,६००, ग्लोव्ज २५०. एकूण २९,९००. सात महिन्यांत मी ११८ वेळा बसलो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा आहेत. म्हणजे एका वेळेला २५३ रुपये. जिमची फी महिन्याला १,२००, सात महिन्याचे ८,४००. म्हणजे आजच्या तारखेला मी तोट्यात आहे. अजून दीड वर्ष असंच चाललं तर जिमच्या बरोबरीला येतो, तोवर लेथचा बोल्ट टिकला पाहिजे. पण जिमला मी दिवाळीत पैसे भरून नऊ दिवस गेलो होतो, तो आकडा इथं धरलेला नाही, मुद्दामच.

ज्याला बसून बघायचंय त्यानं संध्याकाळी सात ते पावणेआठच्या मध्ये या, सोबत पातळ सॉक्स आणा, नाहीतर अंगठ्यामागं सोलतं. आठच्या नंतर वरची पोरं अभ्यासाला बसतेत अन् सीटची ती खरखर पण त्यांना ऐकू जाते म्हणे.